बिनअपघाती भाऊसोचं शिकाऊ लायसन

पावणं, भाऊसो कांबळेला तुमी नावानं ओळखत नसला तरी त्याच्या गाडीत कवातरी बसला असणार. कोल्हापूर, मलकापूर, रत्नागिरी ह्या वाटंवर त्यानं एकतीस वर्सं एसटी चालवली. त्यातली अठरा वर्सं त्याच्या मागं मी हुतो. मी बाळासो चौगुले, कंडक्टर. ड्रायव्हर-कंडक्टरचं नातं संसारापेक्षा अवघड असतंय. संसारात माणसं समोरासमोर बसून भांडत्यात तरी. मी अठरा वर्सं त्याची पाठ बघितली आन् त्यानं मला आरशात बघितलं.

आता सांगतो ती गोष्ट हसण्यासारखी हाय. हसा की, माझं काय म्हणणं न्हाय. फक्त शेवटपतूर ऐका आन् मंग ठरवा कुणाला हसायचं ते.

भाऊसोच्या गाडीनं एकतीस वर्सांत माणूस सोडा, कोंबडीबी चिरडली न्हाय. आंबा घाटात धुकं उतरलं की बाकीचे ड्रायव्हर देवाचं नाव घ्यायचे, हा नुसता वायपर चालू करायचा. गेल्या मे महिन्यात रिटायर झाला तवा साहेबांनी त्याच्या छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला लावला. त्यानं तो घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला अडकवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी बिल्ला. मी तर तो शंभरदा बघितलाय, तरी मी गेलो की रुमालानं पुसून परत दाखवायचा.

एका बिल्ल्याचं एवढं काय, असं तुमाला वाटंल. भाऊसोचा आज्जा शाहूवाडीकडचा. छप्पन साली दीक्षा घेतलेला. बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या भातात गुडघाभर चिखलात राबला, आन् गावात चावडीच्या कट्ट्यावर बसायची त्याला सोय नव्हती. त्याच गावचं कारभारी लोक फाट्यावर हात करून उभं राहायचं आन् भाऊसो त्यांच्यासाठी गाडी थांबवायचा. सगळ्यांसाठीच थांबवायचा. हात केलेलं माणूस त्यानं कवा मागं सोडलं न्हाय. मी वरडायचो, "आरं, उशीर झालाय, चल की." तर म्हणायचा, "हात दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातोय, मी काय करू?"

दुसरी एक सवय त्याच्या हाडात मुरलीती, ती म्हंजे बेल. एक बेल म्हंजे थांब, दोन बेल म्हंजे चल. आमच्या गाडीची दोरी महिन्यातनं चारदा तुटायची. मंग मी तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं दांडीवर वाजवायचो. एकदा टक, थांब. दोनदा टक-टक, चल. फुडं तिकिटाचं मशीन आलं आन् चिमट्याचं काम संपलं, तरी मी तो खिशात ठेवलाच. अजूनबी ठेवतो. बायको म्हणती, चावी इसरशीला पण चिमटा न्हाय.

एकदा काय झालं, मीनाबाई, म्हंजे भाऊसोची बायको, माहेरासनं येताना मलकापूर स्टँडवर आमच्याच गाडीत बसल्या. मी त्यांना वैनी म्हणतो. गाडी सुटायला पाच मिनिटं हुती म्हणून वैनी पाणी प्यायला उतरल्या. मला वाटलं, बसल्या असतील मागं कुठंतरी. मी दोन बेल मारल्या. भाऊसोनं आरशात बघितलं, तर वैनी नळावर उभ्या. दिसल्या त्याला, चांगल्या दिसल्या. तरी गड्यानं गाडी सोडली. वैनी दोन तास स्टँडवर बसून राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी इचारलं तर हा म्हणतोय, "बेल पडलीती." वैनी भांडल्या न्हाईत. आमाला वाटलं इसरल्या.

तर असा हा शिस्तीचा माणूस. त्याच्याकडं एक जुनी मोटरसायकल हाय. तिच्यावरनं रोज डेपोत जायचा आन् यायचा. अंगात खाकी असायची, त्यामुळं वाटंत पोलीस दिसला तर तोच ह्याला हात करायचा, "काय ड्रायव्हरसाहेब, आज कुठली पाळी?" म्हणून. लायसन बघायचं कुणाला सुचलंच न्हाय. ड्रायव्हरला काय लायसन इचारायचं?

गेल्या नोव्हेंबरात आमच्या पेठंतल्या तालमीचं विजयसिंहदादा भाऊसोच्या घरी आलं. ह्या दादांचं जरा सांगायला पायजे. कोल्हापुरात दोन माणसं एका गोष्टीवर चिडली की तिसऱ्या दिवशी कृती समिती निघती. दादांनी मागं हेल्मेटसक्तीच्या विरोधात समिती काढलीती आन् दोन वर्सं तिचं अध्यक्ष हुतं. मंग त्यांचा मेव्हणा गाडीवरनं पडला, डोस्क्याला सात टाकं पडलं, आन् दादा हेल्मेट जनजागृती समितीचं अध्यक्ष झालं. लेटरपॅड तेच, मधला एक शब्द तेवढा खोडून दुसरा लिवला.

दादा म्हणले, "जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना असतोय. आपण मोटरसायकल रॅली काढतोय, जोडीनं. फुडं नवरा, मागं बायको, दोघांच्याबी डोस्क्याला हेल्मेट. साठ जोड्या. आन् सगळ्यात फुडं तुमी आन् वैनी. एकतीस वर्सं बिनअपघात, तुमच्याशिवाय तो मान कुणाचा?"

भाऊसो खाली बघून गालात हसला. वैनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या हुत्या. त्या म्हणल्या, "एकतीस वर्सं सणावाराला ह्यांची ड्युटी. ही गाडी डेपोची वाट सोडून कुठं गेली न्हाय. मागं बसायचा योग आला म्हणायचा." आन् तोंडाला पदर लावून हसल्या. साक्षीच्या नोकरीच्या पेढ्यानंतर मी त्यांना तसं हसताना बघितलं न्हवतं.

साक्षी ही त्यांची लेक, विमा कंपनीत हाय. दिवसभर अपघाताची कागदं तपासायचं काम. दादांच्या फॉर्मला लायसनची झेरॉक्स जोडायची हुती, म्हणून भाऊसोनं कार्ड तिच्याकडं दिलं. तिनं फुडनं बघितलं, मागनं बघितलं, परत फुडनं बघितलं.

"पप्पा, ह्यात टू-व्हीलर कुठाय?"

"म्हंजे?"

"म्हंजे तुमचं लायसन बसचं हाय, ट्रकचं हाय. मोटरसायकलचं न्हाय. ते येगळं काढायला लागतंय."

भाऊसो हसला. त्याला वाटलं पोरगी चेष्टा करतीया. मंग तिनं कार्ड त्याच्या हातात दिलं आन् मागच्या बाजूची गाड्यांची यादी बोटानं दाखवली. खरंच न्हवतं. म्हंजे बघा, पन्नास माणसं घेऊन धुक्यातनं घाट उतरायची ह्या माणसाला सरकारची परवानगी हुती, पण कोपऱ्यावरनं दूध आणायची न्हवती. आन् एकतीस वर्सं तो रोज डेपोत बिनलायसन जाऊन बिनअपघात बिल्ला कमवत हुता.

मी तिथंच हुतो. मी म्हणलं, "मर्दा, फुडच्या बाजूची झेरॉक्स जोड. मागची बाजू कोण बघतंय?"

भाऊसोनं कार्ड परत पालथं करून बघितलं. मंग म्हणला, "एकतीस वर्सं कुणी बघितली न्हाय म्हणूनच मी खरा ठरलो की. आन् बाळासो, तुझी चूक सापडली तर लोक म्हणतील बाळासो चुकला. माझी सापडली तर म्हणतील, ह्यांचं असंच असतंय. ह्यांचं म्हंजे कुणाचं, ते तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक हुतं. अठरा वर्सं मी गाडीच्या मागच्या बाकावरची बोलणी ऐकल्यात, आन् फुडं भाऊसोच्या कानावर जाऊ नयेत म्हणून कैकदा मोठ्यानं तिकीट-तिकीट वरडलोय. 

तर भाऊसोनं लायसन काढायचं ठरवलं. वय अठ्ठावन्न. चाळिशीच्या वरच्याला डॉक्टरचा दाखला लागतोय, तो आणला. कॉम्प्युटरवर पंधरा प्रश्न, त्यातला एकच चुकला. शिकाऊ लायसन मिळालं. रात्री जेवताना साक्षीनं मोबाईलवर नियम वाचून दाखवलं. शिकाऊ माणसानं गाडीला फुडं-मागं लाल रंगात एल लावायचा. महिनाभरानं मैदानावर टेस्ट. नापास झाला तर सात दिवसांनी परत. तीनदा नापास झाला तर फुडं साठ दिवस टेस्टच न्हाय.

रॅली वीस जानेवारीला. बोटावर मोजलं तर पठ्ठ्याला तीनच संधी हुत्या. त्यात पास झाला तर सगळ्या कोल्हापूरच्या फुडं वैनींना मागं घेऊन जायचं, न्हाईतर दादांना जाऊन सांगायचं, बिनअपघाती माणसाकडं गाडीचं लायसन न्हाय.

वैनींनी भाकरी वाढता वाढता एकच गोष्ट इचारली. "शिकाऊ माणसाच्या मागं कुणी बसायचंच न्हाय?"

साक्षी म्हणली, "शिकवणारा बसू शकतोय. पण त्याच्याकडं त्या गाडीचं पक्कं लायसन पायजे."

"अस्सं," वैनी म्हणल्या आन् आमटी आणायला आत गेल्या.

पक्कं लायसन माझ्याकडं हाय, तरण्यापणी काढलेलं. म्हणून शिकवणारा मी. साक्षीची बिनगिअरची स्कूटर घेतली, टेस्टला ती चालती. सांजचं पाचला आमी माळाच्या मैदानावर जायचो. रांगोळीनं जमिनीवर आठ काढायचं, आपलं मराठी न्हवं, इंग्रजीतलं, दोन गोल एकाला एक चिकटवलेलं. त्या रेघंवरनं पाय न टेकवता गाडी फिरवायची, एवढीच परीक्षा. भाऊसो फुडं, मी मागं. मी चिमट्यानं मागच्या कडीवर टक-टक केलं की गाडी निघायची. टक केलं की थांबायची. आठवड्यात भाऊसो असं आठ काढाय लागला की पोरं क्रिकेट सोडून बघत उभी राहायची. मी म्हणलं, झालं आपलं काम. चूक तिथंच हुती, पण ती मला कळायला तीन टेस्टा जाव्या लागल्या.

पयल्या टेस्टला इन्स्पेक्टर मॅडम हुत्या, साक्षीच्या वयाच्या, बोलायला गोड. म्हणल्या, "काका, सावकाश, घाई नाही." भाऊसो निघाला. पयलं वळण आलं आन् त्यानं स्कूटर एवढी बाहीर घेतली, एवढी बाहीर घेतली की आठ राहिलं एकीकडं आन् भाऊसो गेला मैदानाच्या कुंपणाला लागून. वळताना मागं वळून बघत हुता, गाडीची शेपटी बसती का न्हाय ते. मागं मी न्हवतो, तवा त्याच्या हिशेबात मागं छत्तीस फूट बस हुती.

मॅडम म्हणल्या, "काका, तुम्ही एसटीत होता का?"

"व्हय."

"कळलं. सात दिवसांनी या."

सात दिवस आमी नुसतं वळण घोटलं. दुसऱ्या टेस्टला वळणं एक नंबर झाली. अर्धं आठ झालं, पाऊण झालं. तेवढ्यात कुंपणाच्या पल्याड गाठोडं घेतलेली एक म्हातारी आली आन् तिनं आपल्या नातवाला हाक मारायला हात वर केला. झालं. भाऊसोनं ब्रेक मारला, डावा पाय टेकला आन् म्हातारीकडं बघून म्हणला, "चढा लवकर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसायला येत हुतं का रडायला, ते त्यांनाच म्हाईत. म्हणल्या, "काका, तुम्ही बस फार चांगली चालवली असणार. पण पाय टेकला."

त्या दिवशी भाऊसो घरी बिल्ल्याकडं पाठ करून बसला. वैनींनी चहा ठेवला आन् "हुईल फुडच्या बारीला" एवढंच म्हणल्या. मला त्यांचा जरा रागच आला. नवऱ्याची अब्रू पणाला लागलीया आन् ही बाई एवढी निवांत कशी, असं मनात आलं. माणसाची अक्कल कुठं कुठं कमी पडती बघा.

तिसऱ्या टेस्टला मी ठरवलं की आता मी काय तरी केलं पायजे. मैदानाच्या कडंला लोखंडी कठडा हाय, तिथं मी उभा राहिलो. भाऊसो स्कूटरवर बसला. मॅडम म्हणल्या, "चला काका." हा न्हाय हलला. आरशात बघत बसला. परत म्हणल्या, "काका, चला." तरी न्हाय. महिनाभर माझ्या टक-टकीवर निघायची सवय लागलीती त्याला, आन् पयल्या दोन बाऱ्यांना बेलबिगर निघून फसल्यावर आज तो तिचीच वाट बघत हुता. माझ्या ध्यानात आलं. मी खिशातनं चिमटा काढला आन् हळूच कठड्यावर दोनदा वाजवला. भाऊसो निघाला.

काय आठ काढलं म्हणून सांगू. पयला गोल तर आखल्यावाणी. दुसऱ्या गोलात शेवटच्या वळणाला चाक रेघंच्या कडंला गेलं. बाहीर न्हाय, नुसतं कडंला.  माझा हात, देवाशप्पत, आपोआप उचलला आन् कठड्यावर एकदाच वाजला. टक.

भाऊसो जागच्या जागी थांबला. पाय टेकला. आठ पुरं व्हायला दोन हात राहिलतं.

पावणं, मी आयुष्यात लई चुका केल्या. सुट्ट्या पैशावरनं म्हाताऱ्या माणसांशी भांडलोय, झोपलेल्या माणसाला त्याच्या स्टॉपच्या फुडं नेलंय. पण त्या एका टकीएवढं मला कशाचं वाईट वाटलं न्हाय. मी त्याच्याजवळ गेलो. भाऊसोच म्हणला, "बेल पडली की थांबायचं. तुझी काय चूक?" त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर भाऊसोनं बिल्ला खिळ्यावरनं काढला आन् कपाटात ठेवला. म्हणला, "उद्या दादांकडं जाऊन सांगतो. येत न्हाय म्हणून सांगतो, आन् का येत न्हाय तेबी सांगतो." खिळा तेवढा भिंतीवर राहिला. मला तिकडं बघवंना.

तवा वैनी उठल्या. रिटायर माणसाला आन् त्याच्या बायकोला एसटीचा फुकट प्रवासाचा पास असतोय. तो पास त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेला. ते पाकीट आणलं, पासच्या मागनं एक कार्ड काढलं आन् भाऊसोच्या फुडं ठेवलं. मी वाकून बघितलं. मीनाबाई भाऊसो कांबळे. फोटो त्यांचाच. स्कूटरचं पक्कं लायसन.

भाऊसोनं कार्ड फुडनं बघितलं, मागनं बघितलं, परत फुडनं बघितलं. अगदी साक्षीनं त्याचं बघितलंतं तसं.

"हे कवा?"

"तुमी दुसऱ्यांदा नापास झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी टेस्ट हुती. साक्षीनं तुमाला नियम वाचून दाखवला, त्याच आठवड्यात तिनं माझाबी फॉर्म भरला."

"आन् शिकलीस कवा?"

"तुमी दोघं सांजचं जायचा. आमी मायलेकी सकाळी. तुमी आठ काढून ठेवलेलंच असायचं, आमी त्याच्यावरनं फिरायचो." मंग जरा थांबून म्हणल्या, "पयल्याच बारीला झालं. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय."

पयल्याच बारीला. जिनं जन्मात सायकलबी चालवली न्हवती तिचं. व्हय, आता कळतंय मला. तिच्या मागं छत्तीस फूट बस न्हवती, तिला म्हातारीचा हात दिसत न्हवता आन् तिच्या कानात कुठल्या कंडक्टरची बेल न्हवती. जे शिकायचं ते तेवढंच शिकली.

मी आपला शहाणपणा केलाच. म्हणलं, "वैनी, मंग प्रश्नच मिटला. रॅलीत तुमी चालवा, भाऊसो मागं बसंल."

वैनींनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरकलो. म्हणल्या, "भावजी, मी लायसन चालवायला काढलंच न्हाय. मागं बसायला काढलंय."

 मंग साक्षीनं मोबाईलवर तोच नियम परत वाचला. शिकाऊ माणसाच्या मागं पक्कं लायसनवाला शिकवणारा बसू शकतोय. शिकाऊ लायसन अजून चार महिने चालणार हुतं. टेस्ट साठ दिवस बंद, पण शिकायला बंदी न्हवती.

भाऊसो म्हणला, "म्हंजे सगळ्या कोल्हापूरच्या फुडं मी लाल एल लावून जायचं? आन् तू माझी मास्तरीण?"

"व्हय."

"लोक हसतील की."

"हसू देत. मी दोन तास स्टँडवर बसलेते तवाबी लोक हसलतं." वैनी एवढं बोलून थांबल्या, आन् माझ्याकडं वळल्या. "त्या दिवशी बेल तुमच्या हातात हुती, भावजी. आता माझ्या हातात."

वीस जानेवारीला सकाळी दसरा चौकात हीऽ गर्दी. साठ जोड्या नटून आलेल्या. आन् मंग आमच्या कोल्हापूरचं जे हुतंय ते झालं. पाहुणा आला की फेटा, ह्यात आमी कुणाचं ऐकत न्हाय. दादांनी फेटेवाले बोलवलं आन् साठच्या साठ जोड्यांना, बायकांनाबी, फेटे बांधायला सांगितलं. फेट्यावर हेल्मेट काय बसंना. मंग हेल्मेटं हँडलला, आरशाला, पायापाशी, जिथं जागा मिळंल तिथं अडकवली. मागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरात लिवलंतं, हेल्मेट हेच खरे शिरस्त्राण. त्याच्याखाली एकशेअठरा फेटे. एकशेअठराच, कारण फेटेवाला भाऊसोजवळ आला तवा वैनींनी त्याच्या हातातनं दोन फेटे मानानं घेतलं, कपाळाला लावलं आन् डिकीत ठेवलं. म्हणल्या, "डोस्कं एकच हाय, त्यावर एकच बसतंय." त्या चौकात हेल्मेट घातलेली डोस्की दोनच हुती.

दादा गडबडीनं आलं. हळूच म्हणलं, "भाऊसो, तो लाल एल तेवढा काढा की. फोटोत दिसतोय." भाऊसो म्हणला, "दिसू दे, दादा." त्याच्या छातीवर बिल्ला हुता. सकाळी वैनींनी कपाटातनं काढून लावलेला.

माईकवाल्यानं सुरू केलं. एकतीस वर्सं, एक बी अपघात न्हाय, सुरक्षेचा आदर्श, वगैरे. भाऊसोनं स्कूटर स्टँडला लावली, जाऊन माईक मागितला. त्याला बोलायची सवय न्हाय. एकतीस वर्सं गाडीत बोलायचं काम माझं हुतं. 

म्हणला, "बिल्ला खरा हाय. पण ज्या मोटरसायकलीवरनं मी एकतीस वर्सं डेपोत गेलो तिचं लायसन माझ्याकडं न्हवतं. मला म्हाईत न्हवतं, कारण मी कवा बघितलं न्हाय. आता शिकतोय. तीनदा नापास झालोय. ह्या मागं बसणार हायत त्या माझी बायको, त्यांच्याकडं लायसन हाय. म्हणून मला येता आलं."

एक-दोघं फिदीफिदी हसले.  मागच्या रांगंत चार-पाच फेटेवाल्यांनी पाकिटातनं आपापलं लायसन काढून त्याची मागची बाजू बघितली. त्यातल्या एकानं गाडी बंद केली आन् बायकोला खाली उतरवलं. दादांनी भाऊसोच्या खांद्यावर हात ठेवला आन् मानेनं हो म्हणले. मला सांगायला लाज वाटत न्हाय, माझं डोळं भरून आलं.

भाऊसो स्कूटरवर बसला, वैनी मागं बसल्या, आन् झेंडा हालला. अठ्ठावन्न गाड्या भर्रकन सुटल्या, हॉर्न वाजवत. भाऊसो सगळ्यात फुडं हुता, तो तिथंच. गाड्या त्याच्या दोन्ही बाजूनं निघून गेल्या. स्कूटर चालू, पाय टेकलेला, हा आरशात बघत बसलाय. मी चौकाच्या कडंच्या लोखंडी कठड्यापाशी हुतो. माझा हात खिशात गेला, चिमटा बाहीर आला, आन् कठड्यापासनं टीचभर अंतरावर मी तो थांबवला. परत खिशात घातला.

वैनींना घाई न्हवती. त्यांनी पदर नीट खोचला, हेल्मेटचा पट्टा चाचपला, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं बघितलं. चौक मोकळा झाला. मंग त्यांनी भाऊसोच्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा वाजवलं.

भाऊसोनं आरशात बघितलं. ह्या बारीला वैनी मागं हुत्या, आन् त्यानं गाडी सोडली.